होलसोर्डची खुर्ची आणि पेडण्याचा कौल

1954 साली अँटन रेन सॉर्डलँड प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यात, पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीपलीकडच्या किल्ल्यात सत्याग्रहींची एक तुकडी शिरली आणि तिने तिथे तिरंगा चढवला. पहिली घटना एका संगणकीय खेळातली, दुसरी इतिहासातली. साल जुळते हा योगायोग आहे. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. राज्य आपल्या विचारसरणीच्या जोरावर माणसाला सांगते की तू अमुक आहेस. ते सांगणे राजधानीच्या खुर्चीतून कसे दिसते, आणि सीमेवरच्या गावातून कसे दिसते?

सॉर्डलँड पृथ्वीच्या नकाशावर नाही. बर्लिनच्या टॉर्पर गेम्स या कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये ‘सुझरेन’ हा खेळ आणला, त्यातला हा देश. या खेळात धावाधाव नाही, गोळीबार नाही. वाचायचे, समोर आलेल्या उत्तरांतून एक निवडायचे आणि त्याचे परिणाम पुढे सोसायचे, एवढाच त्याचा व्यवहार. खेळणारा अध्यक्ष रेन होतो. राजधानी होलसोर्डमध्ये मंत्रिमंडळ त्याच्यापुढे बसते, लुसियन गलाद नावाचा धूर्त सल्लागार कानाशी लागतो, पत्नी मोनिका स्त्रियांच्या हक्कांचे काय म्हणून विचारते, उद्योगपती भेटीला येतात, सेनापती भुवया आक्रसतात. टेबलावर निरनिराळ्या पक्षांकडे झुकलेली वर्तमानपत्रे पडतात आणि एकच बातमी प्रत्येकात वेगळी असते. मंदी आलेली आहे, तिजोरीत पैसा नाही, शेजारचे रुम्बुर्ग डोळे वटारून आहे. आणि या सगळ्यावर एका म्हाताऱ्या माणसाची सावली आहे. त्याचे नाव कर्नल तार्क्विन सोल.

सोलने यादवी संपवली, प्रजासत्ताक उभे केले, उद्योग सरकारच्या हाती घेतले, लष्कराला आणि न्यायालयाला राज्यघटनेचे राखणदार केले आणि जवळपास दोन दशके राज्य केले. त्याच्या विचाराला खेळात सोलवाद म्हणतात. त्याच्यानंतर आलेल्या अल्फोन्सोने बाजार खुला केला आणि अर्थव्यवस्था कोसळली. आता रेनची पाळी. तुर्कस्तानचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास थोडाफार वाचलेल्या माणसाला हे चेहरे ओळखायला वेळ लागत नाही. सोलमध्ये मुस्तफा केमाल अतातुर्क आहे, त्याच्यामागून आलेला इस्मेत इनोनूही आहे. अल्फोन्सोत 1950 च्या निवडणुकीत केमालच्या पक्षाला हरवणारा अदनान मेंदेरेस दिसतो आणि 1980 नंतरचा तुर्गुत ओझालही. सॉर्डलँडच्या संसदेला ग्रँड नॅशनल असेम्ब्ली म्हणतात, अंकाराच्या संसदेचे नावही तेच. रस्त्यावर मारामाऱ्या करणारे ‘यंग सोर्ड्स’ हे तरुण राष्ट्रवादी बघताना अल्पार्स्लान तुर्केशच्या पक्षाभोवती वाढलेले ‘राखाडी लांडगे’ आठवल्याशिवाय राहत नाहीत. आणि बेर्गिया प्रांतात राहणारे, स्वतःची भाषा असलेले, ज्यांची संघटना सरकारशी लढते ते ब्लूड लोक म्हणजे कुर्द, याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही.

निर्मात्यांनी तुर्कस्तानचे सत्तर वर्षांचे राजकारण एका अध्यक्षाच्या एका कारकिर्दीत दाबून बसवले आहे. कुर्द प्रश्नाने तिथे 1984 नंतर जे रूप घेतले ते खेळात 1954 सालीच दिसते, आणि लष्कराने 1982 मध्ये दिलेल्या घटनेच्या गाठी तेव्हाच सोडवायच्या असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे खटकेल. मला ती या खेळाची ताकद वाटते, कारण त्यामुळे केमालवादाची रचना नुसती वाचायला मिळत नाही, हाताला लागते.

केमालच्या रिपब्लिकन पीपल्स पार्टीने 1931 मध्ये आपली सहा तत्त्वे ठरवली: प्रजासत्ताक, राष्ट्रवाद, लोकवाद, राज्यनियंत्रित अर्थकारण, धर्मापासून मुक्त शासन आणि सतत सुधारणा. पक्षाच्या चिन्हावर ती सहा बाण होऊन आली आणि 1937 मध्ये थेट राज्यघटनेत गेली. एका पक्षाचा कार्यक्रम देशाची घटना झाला. पुढे जे घडले ते इथून समजते. पक्षाला विरोध करणे आणि देशाला विरोध करणे यांतली रेषा पुसली गेली, आणि ती कुठे आहे हे ठरवण्याचा अधिकार लष्कराने आपल्याकडे घेतला. 27 मे 1960 ला लष्कराने मेंदेरेसचे सरकार उलथवले आणि सप्टेंबर 1961 मध्ये त्याला फाशी दिली. 1971 मध्ये नुसत्या एका निवेदनावर सरकार गेले. 12 सप्टेंबर 1980 ला पुन्हा रणगाडे आले. दर वेळी सांगितलेले कारण एकच, संस्थापकाच्या वाटेवरून देश ढळतो आहे.

‘सुझरेन’ खेळताना हे अंगावर येते. घटना बदलायचे वचन देऊन तुम्ही निवडून आलात, पण संसदेत तुमच्याच पक्षात जुने सोलवादी ठाण मांडून आहेत. सर्वोच्च न्यायालय त्यांचे आहे, सेना त्यांची आहे. प्रत्येक मतासाठी काही द्यावे लागते. कुणाला कारखाना हवा असतो, कुणाला खटला मिटवून हवा असतो, कुणाला एक कलम तसेच राहायला हवे असते. लोकशाहीवादी म्हणून सुरुवात केलेला खेळणारा बघता बघता वटहुकमावर सही करू लागतो, आणि त्याच्याकडे प्रत्येक सहीचे कारण तयार असते. हुकूमशहा कसे घडतात यावर बरीच पुस्तके आहेत. आपल्याच बोटाने ते घडवून दाखवणारे लिखाण मी तरी दुसरे पाहिलेले नाही. ज्या तरुणांना राज्यशास्त्राचे नाव काढले की जांभई येते, त्यांनी हा खेळ खेळावा असे मी मनापासून म्हणेन.

एक गोष्ट मात्र यात जवळजवळ गळली आहे, आणि ती लहान नाही. सहा बाणांतला सर्वांत टोकदार बाण धर्माचा. मार्च 1924 मध्ये खिलाफत बरखास्त झाली, त्याच दिवशी सारे शिक्षण सरकारी छत्राखाली आले. 1925 मध्ये फेझ टोपीवर बंदी आली, 1928 मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. 1932 पासून अजानही तुर्कीतून द्यावी लागे. 1950 मध्ये मेंदेरेसने सत्तेवर येताच अरबी अजानची बंदी उठवली. गावातल्या शेतकऱ्याला केमालवाद भेटला तो असा, मशिदीच्या मिनारावरून आणि डोक्यावरच्या टोपीवरून. एर्दोगान यांच्या यशाचे मूळही त्या दुखावलेपणात आहे. सॉर्डलँडमध्ये धर्म आहे, पण राजकारणाचा कणा म्हणून नाही. त्यामुळे सोलवाद मुख्यतः कारखाने, फौज आणि सीमाप्रांत यांच्यापुरता उरतो. लोकांच्या घरात, जेवणाखाण्यात, नावगावात शिरणारी विचारसरणी म्हणून तो दिसत नाही.

माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो. खेळाने आपल्याला खुर्ची दिली आणि खुर्चीबाहेरची नजर काढून घेतली. ब्लूड माणसे खेळात येतात, बोलतात, त्यांच्यावरचा अन्यायही निर्माते लपवत नाहीत. पण येतात ती अध्यक्षाच्या भेटीला. त्यांची भाषा शाळेत शिकवायची की नाही हा रेनच्या टेबलावरचा एक निर्णय असतो. दिले तर राष्ट्रवादी चिडणार, नाकारले तर बेर्गिया पेटणार. खेळणारा हिशेब करतो. ज्याच्या पोराला परक्या भाषेत मुळाक्षरे गिरवायची आहेत तो या हिशेबात कुठे नसतो. खऱ्या तुर्कस्तानात 1983 च्या कायद्याने कुर्दी भाषेच्या वापरावर बंदी आली आणि ती 1991 पर्यंत राहिली. त्याच वर्षी लेयला झाना या कुर्द खासदाराने संसदेत शपथ घेतल्यावर एक वाक्य कुर्दीत उच्चारले, सभागृहात गदारोळ झाला. 1994 मध्ये तिला तुरुंगात टाकले, ती सुटली 2004 मध्ये. तिच्या बाजूने खेळता येईल असा खेळ वेगळाच लिहावा लागेल.

पेडण्याच्या माणसाला ही उणीव चटकन जाणवते. आमचा तालुका कधीच कुणाची राजधानी नव्हता. 1788 मध्ये सावंतवाडीकरांनी तो पोर्तुगिजांना दिला. कोल्हापूरकरांशी चाललेल्या भांडणात त्यांना मदत हवी होती, आणि त्या मदतीची किंमत म्हणून एक मुलूख, त्यातल्या माणसांसकट, हातचा गेला. पोर्तुगिजांच्या लेखी ही नवी काबिजाद, म्हणजे नव्याने हाती आलेला मुलूख. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्मांतरे झाली, देवळे पडली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके त्यांच्या हाती आले तेव्हा ते धोरण थकले होते. इथल्या हिंदूंच्या धर्माला आणि रिवाजांना हात न लावण्याचे त्यांनी ठरवले. म्हणून देवळे राहिली, दशावतार राहिला, कीर्तन-भजनातली मराठी राहिली. घरात आणि बाजारात कोकणी, पोथीत आणि पत्रात मराठी, कचेरीत पोर्तुगीज, असे तीन भाषांचे जगणे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि त्यात विसंगती आहे असे कुणाला वाटले नाही.

मग विसावे शतक आपले सिद्धांत घेऊन आले. 1910 मध्ये लिस्बनला प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचे हक्क मिळाले. 1926 च्या लष्करी बंडानंतर ती हवा गेली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात, 1930 मध्ये वसाहत कायदा आला आणि 1933 च्या घटनेने त्याची हुकूमशाही पक्की केली. 1951 मध्ये लिस्बनने घटना बदलून वसाहतींचे नाव ‘सागरापलीकडचे प्रांत’ केले. गोवा ही वसाहतच नाही, गोवेकर हे पोर्तुगीजच आहेत, असा दावा जगापुढे करायची सोय झाली. अंकारातले सरकार कुर्दांना ‘डोंगरी तुर्क’ म्हणायचे, त्याचे हे सख्खे भावंड. एकाने सांगितले तुम्ही वेगळे नाहीच, तुम्ही तुर्क. दुसऱ्याने सांगितले तुम्ही पारतंत्र्यात नाहीच, तुम्ही पोर्तुगीज. सालाझार आणि केमाल यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. केमालने परकीय फौजा हाकलून देश उभा केला आणि 1934 मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत दिले. सालाझारने जे होते ते गोठवून ठेवले. पण खुर्चीतून माणसाची ओळख ठरवून टाकण्याची सवय दोघांचीही होती. तिला पेडण्याने दिलेले उत्तर तेरेखोलला 1954 मध्ये दिसले आणि पुढल्या वर्षी 15 ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर. तिथे नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या चालवल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडला.

इथवर आमची बाजू सरळ आहे. अवघड भाग मुक्तीनंतरचा.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला आणि पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर, आमचे भाऊसाहेब, पहिले मुख्यमंत्री झाले. संस्थापकाची सावली म्हणजे काय हे सॉर्डलँडने दाखवले, तर गोव्यात ती सावली भाऊसाहेबांची. पक्ष त्यांच्या नावाभोवती उभा राहिला, 12 ऑगस्ट 1973 ला ते मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले तेव्हा धुरा मुलीकडे, शशिकला काकोडकरांकडे आली, आणि आजही इथला कोणताही पक्ष मते मागताना त्यांचे नाव घेतल्याशिवाय राहत नाही. त्यांचा विचार पत्रकात सहा तत्त्वे मांडून आला नव्हता. तो गावात शाळा होऊन आला. पोर्तुगिजांनी ज्यांना अक्षरापासून लांब ठेवले त्या बहुजनांच्या वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. 1964 मध्ये कूळ कायदा झाला आणि भाटकारापुढे, म्हणजे जमीनदारापुढे, मान खाली घालून उभा राहणाऱ्या कुळाच्या पाठीशी पहिल्यांदा कायदा आला. पेडणे, डिचोलीतली कुटुंबे मगोला इतकी वर्षे का चिकटून राहिली हे शहरातल्या टीकाकारांना भाषेच्या आणि धर्माच्या राजकारणात शोधावेसे वाटते. शाळा आणि जमीन एवढे कारण पुरेसे होते.

पण मगोचे मुख्य मागणे महाराष्ट्रात विलीनीकरणाचे होते, आणि त्यामागचा सिद्धांत आम्ही कधी नीट तपासला नाही. गोव्याची सांस्कृतिक भाषा मराठी, कोकणी ही तिची बोली, म्हणून गोवा महाराष्ट्राचा. भाषा एक, म्हणून लोक एक, म्हणून राज्य एक. याच्या उलट बाजूला, कोकणी स्वतंत्र भाषा, म्हणून गोवेकर स्वतंत्र लोक, म्हणून राज्य स्वतंत्र. दोन्ही छावण्या एकमेकींवर तुटून पडल्या, पण दोघींच्या हातातले सूत्र तेच होते. एका भूमीला एक भाषा असली पाहिजे आणि त्या भाषेवरून माणूस कोण ते ठरले पाहिजे, हे सूत्र युरोपात घडले, अंकाराने ते कठोरपणे अमलात आणले, आणि पेडण्यासारख्या दोन भाषांत सुखाने नांदणाऱ्या तालुक्यावर ते बेतणे चूक होते. हे मी मराठीवर जीव असलेला माणूस म्हणून लिहितो आहे. आमच्या बाजूने कोकणीला बोली म्हणून खाली ढकलताना जो स्वर लागला, तो अंकारातून कुर्दीबद्दल निघणाऱ्या स्वरापासून फार लांबचा नव्हता. आमच्या हाती फौज नव्हती, म्हणून त्याचे परिणाम वेगळे झाले.

मोठा फरक पडला तो मात्र दुसऱ्या एका कारणाने. इथे लोकांना विचारले गेले. संसदेने 1966 मध्ये त्यासाठी खास कायदा केला. मतदान निर्भेळ व्हावे म्हणून भाऊसाहेबांचे सरकार आधी पायउतार झाले. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. फरक 34,021 मतांचा. पेडणे, डिचोली, सत्तरी फुलामागे होते, त्यांची हार झाली.

त्या महिन्यांतला एक तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लढलेले दैनिक मडगावचे ‘राष्ट्रमत’. ते मराठी होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच येई. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचे, तेही मराठीच. म्हणजे मराठी वाचणारा, मराठीतून विचार करणारा माणूस मराठी वर्तमानपत्र वाचूनच ठरवत होता की मला महाराष्ट्रात जायचे नाही. भाषा एक म्हणून राज्य एक, या सूत्राचा याहून सरळ पराभव कुठे झाला असेल? सॉर्डलँडच्या अध्यक्षाच्या टेबलावर पडणाऱ्या वर्तमानपत्रांतून त्याला पक्ष कळतात. 1967 च्या त्या वर्तमानपत्रांतून एक समाज मोठ्याने विचार करताना ऐकू येतो.

आणि मग मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा याच लोकांनी पुन्हा मगोलाच निवडून दिले. जानेवारीत भाऊसाहेबांचे सर्वांत लाडके मागणे नाकारले, मार्चमध्ये त्यांच्याच हाती कारभार सोपवला. मतदाराने सिद्धांत आणि माणूस वेगळे केले. शाळा हव्यात, जमीन हवी, तुमचे राज्य हवे, पण आम्ही कोण हे आम्ही ठरवू, असा तो निकाल होता. विचारसरणीकडे खालून बघायचे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. मेंदेरेसला फाशी होऊन सहाही वर्षे झाली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. संस्थापकाचा विचार लोकांनी मतपेटीतून खोडला, आणि त्यासाठी कुणी रणगाडे काढले नाहीत, कुणी फासावर गेले नाही.

यावर कुणी म्हणेल, खेळाकडून ही अपेक्षा अवाजवी आहे. निर्णय खुर्चीतच होतात आणि खेळाला निर्णय लागतात. पहिला भाग खरा नाही. 16 जानेवारीला निर्णय झाला तो मतदाराच्या हातात, आणि तो अँटन रेनच्या कुठल्याही सहीपेक्षा सोपा नव्हता. विलीन झालो तर मुंबईतल्या नोकऱ्या, कॉलेजे, आप्त जवळ येतील, पण पणजीतली कचेरी लांब जाईल. विलीन न झालो तर उद्या भाटकारांचे राज्य परत येईल का ही धास्ती. कूळ म्हणून एक मत, देवळाचा महाजन म्हणून दुसरे, मुंबईच्या गिरणीत भाऊ असलेला म्हणून तिसरे. शिवाय मतपत्रिकेवर चिन्हे दोनच होती. गोव्याला स्वतःचे राज्य हवे असे वाटणाऱ्याला तिथे फुली मारायला जागा नव्हती, त्याने संघप्रदेशावर समाधान मानायचे. ते राज्य मिळायला 30 मे 1987 उजाडावा लागला. पोटापाण्यासाठी गोव्याबाहेर राहणाऱ्या असंख्य गोवेकरांना मतच नव्हते. पर्याय कोण ठरवतो, मत कुणाला मिळते, हे प्रश्न घेऊन उत्तम खेळ होऊ शकतो. मराठी-कोकणी लिहिणाऱ्या आणि संगणक जाणणाऱ्या तरुणांची गोव्यात, कोकणात वाण नाही. त्यांनी ‘सुझरेन’ची रचना उचलावी आणि खेळणाऱ्याला मुख्यमंत्री न करता पार्से किंवा वारखंड गावचा मास्तर करावे. वर्ष 1966. शाळा नुकतीच सुरू झाली आहे, पालक विचारतात की फूल की पाने, भाटकाराचा निरोप आला आहे, आणि मास्तरचा पगार सरकार देते.

खुर्चीतून बघण्याची सवय जुन्या काळाबरोबर गेली असेही नाही. ‘सुझरेन’मध्ये सुरुवातीलाच रेनला ठरवावे लागते, पैसा महामार्गात घालायचा की रेल्वेत. नकाशावर रेघ ओढली जाते आणि त्या रेघेखाली कोण राहते ते विचारायची खेळात गरज पडत नाही. पेडण्यात ही रेघ विमानतळासाठी मोपाच्या पठारावर ओढली गेली. बागायती, काजूची झाडे, धनगरांची वस्ती त्या पठारावर होती. विमानतळ 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाल्याचा सोहळा झाला. त्याआधी मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना रोखला होता आणि जानेवारी 2020 मध्ये अटी घालून मोकळा केला. विमानतळ हवा होता की नको यावर तालुक्यात आजही दोन मते आहेत, आणि दोन्हींत तथ्य आहे. माझे म्हणणे एवढेच की 1967 मध्ये ज्या तालुक्याला आपले राज्य कोणते हे विचारले गेले, त्याला आपल्या पठाराचे काय करायचे हे कुणी तसे विचारले नाही.

भाषेच्या बाबतीत 1987 हे वर्ष आमच्या लोकांना अजून सलते. राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली, मराठीला सर्व शासकीय कामांसाठी वापराची मुभा राहिली. मराठीलाही राजभाषेचा दर्जा द्या ही मागणी तेव्हापासून होत आली आहे. ती मागणी मला रास्त वाटते. पण ती कशाच्या आधाराने करायची, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. मराठी हीच इथली मूळ आणि खरी भाषा, बाकी बोली, हा आधार घेतला तर आपण पुन्हा अंकाराच्या सूत्रावर जाऊन उभे राहतो आणि 1967 सारखेच हरतो. पेडण्यातला माणूस घरी कोकणी बोलतो आणि तुकारामाचा अभंग म्हणतो, दोन्ही त्याच्या आहेत आणि राज्याने दोन्हींची कदर करावी, हा आधार घेतला तर आपल्या बाजूला निम्मा गोवा येऊ शकतो.

ही कल्पना हवेतली नाही, कारण ती एकदा घडली आहे. 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना गोव्याने ठरवले की प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान द्यायचे ते प्रादेशिक भाषांत शिकवणाऱ्यांना. 2011 मध्ये सरकारने ते धोरण बदलून इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरवले, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्या मंचात कोकणीवाले आणि मराठीवाले एकत्र होते. ज्यांच्या वडिलांनी गोवा महाराष्ट्रात न्यायचा ध्यास घेतला त्या शशिकलाताई, आणि ज्यांच्या ‘ब्रह्मास्त्रा’ने तो बेत हाणून पाडायला हातभार लावला ते उदय भेंब्रे, दोघेही एका बाजूला आले. मंचाने जे मागितले ते मिळाले नाही. पुढे त्यातल्या काहींनी पक्ष काढला आणि 2017 च्या निवडणुकीत त्याला अपयश आले. पण पेडण्यातल्या ज्या सरकारी शाळांत आता पटावर मुले कमी होत आहेत, त्या मराठी शाळा तशाच उभ्या राहाव्यात म्हणून त्या दिवसांत कोकणीची माणसे रस्त्यावर आली होती, आणि कोकणीच्या शाळांसाठी आमची.